रडण्याची चाल

सातासमुद्रापार साहेबलोकाईची कुठंतरी लढाई जुंपली अन् आमच्या हिवरखेडच्या कापसाले सोन्याचा भाव आला. लढले ते, डोकं फिरलं आमच्या मालकाचं, माह्या लेकीच्या बापाचं. आधी बैलाईच्या शिंगांले चांदीच्या शेंब्या झाल्या. मग म्हणाले, आता घरातलं बोलणं सुधारू. माणसं का बैलं आहेत बापा, शेंब्या बसवाले? पण माह्यं कोण आयकते.

अकोल्याहून मोरोपंत मास्तर आणले. मूळचे पुण्याचे. आमी 'जेवाले बसा' म्हटलं तरी त्याईले वाटे, भांडण होऊन राहिलं. माह्या एकुलत्या लेकीचं, रुख्मिणीचं लग्न अमरावतीच्या आडत्याच्या घरी ठरलं होतं. मोठ्या घरात पोरगी हेल काढून बोलली तर नाक जाईल, म्हणून सहा महिने मास्तर तिले ओसरीवर बसवून शिकवत. हातात तंबोरा. "आवाज एका पट्टीत ठेवा. वर नाही, खाली नाही." गाणाऱ्याले सूर फिरवाले शिकवतात अन् बोलणारीले बांधून ठेवाले. वा रे विद्या.

लग्न झालं. आठ महिन्यांनी, आखाजीच्या सणाले, पोरगी पहिल्यांदा माहेरी आली.

आमच्या इकडं रीत अशी, लेक दारात आली का मायलेकी गळ्यात गळा घालून मोठ्यानं रडतात, चालीवर. शब्द ठरलेले, साऱ्या बायांचे तेच. माय म्हणते, 'सुखाच्या घरी दिली वं बाई', लेक म्हणते, 'सुखाची भाकर खाते वं माय'. पण चालीवरून मायले सारं समजते. सासू कशी, नवरा कसा, भाकर पोटभर का अर्धी. शेजारणीलेही समजते, पण त्या तोंडावर बोलत नाहीत.

मालक सोताही मास्तरकडं बोलणं शिकून राहिले होते. त्याईनं आदल्या दिवशीच बजावलं, "रडारड करायची नाही. व्याही हसतील." पोरीसंगं तिचा दीर शेषराव आला होता. ती बैलाच्या दमणीतून उतरली, पाया पडली अन् म्हणाली, "मी सुखात आहे, आई." माय नाही, आई. आवाज सारवलेल्या भुईसारखा सपाट. मास्तर खूश. मालकाले म्हणाले, "नत्थुजी, शिकवणी फळाला आली."

चार दिवस मी विचारून राहिली. चुलीपाशी, विहिरीवर, वेणी घालताना. सासू कशी आहे वं? "बऱ्या आहेत." अन् जवाई? "चांगले आहेत." ही लहानपणी 'भूक लागली' म्हणे, तर मी आवाजावरून सांगत होती, भूक नाही, रुसली आहे. आता माह्याच पोटची पोरगी अन् मले तिचं काहीच आयकू येईना. लय भेव वाटलं मले.

पाचव्या दिवशी शेषरावनं दमणी जुंपली. निरोपाले मास्तर उभे, मालक नव्या पागोट्यात. "येते मी, आई," पोरगी त्याच आवाजात म्हणाली, अन् माह्याच्यानं राहवलं नाही. मालकाचा हुकूम गेला खड्ड्यात. मी तिच्या गळ्यात पडली अन् चाल धरली.

पोरगी काठीसारखी ताठ. "भाऊजी थांबलेत, आई." मी सोडली नाही. दुसऱ्यांदा धरली, तिसऱ्यांदा धरली. मग तिचा गळा उघडला. शब्द तेच, पण 'भाकर'पाशी चाल वर जाते, तिथं तिचा आवाज खाली गेला, अजून खाली, अन् मग जो हंबरडा निघाला तो साऱ्या गल्लीनं आयकला. दारातल्या बाया शेषरावकडं पाहून राहिल्या. शेषराव भुईकडं.

मालक पुढं आले. वाटलं, आता मले झापतात. त्याईनं दमणीतून पोरीची पेटी उचलली अन् सव्वा वरसात पहिल्यांदा आपल्या खऱ्या आवाजात बोलले, "शेषराव, तुमी एकटेच जा. पोरगी येत नाही."

मास्तर गोंधळून गेले. "अहो, पण ती सुखात आहे असंच म्हणतेय की."

रुख्मिणीनं पदरानं तोंड पुसलं. मास्तरकडं वळली अन् त्याईनं शिकवलेल्या पट्टीत, वर नाही, खाली नाही, म्हणाली, "ते मला रोज मारतात, मास्तर."