लाल ठिपक्याची फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे आणि मी भित्री आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकलेल्या बऱ्या. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की त्या शहाण्या आणि शूर असणार, असं लोक धरून चालतात. मी सोसलं पुष्कळ, पण शूर कधी झाले नाही.

माझा जन्म दार म्हणून झाला. कुणाच्या घराचं दार, ते आता आठवत नाही. ठोठावणं मात्र आठवतं. आजही शेजारच्या घरावर थाप पडली की माझ्या अंगातून बारीक कंप जातो. ते घर पाडलं तेव्हा एका सुताराने मला उचलून नेलं, चारही बाजूंनी करवत चालवली आणि मग रंधा फिरवायला घेतला. माझी जुनी साल कुरळी होऊन जमिनीवर पडत होती. मला वाटलं, माझा भुसा होईपर्यंत हा काही थांबत नाही. पण तो थांबला. त्याने माझ्यावरून हात फिरवला आणि बाकावर बसलेल्या माणसाला म्हणाला, "घे पेंटर, तुझी चित्राची फळी. जन्मभर दार होती बिचारी. आता तरी आपटू नकोस तिला."

"मी कशाला आपटतोय? घरी आपटायला दुसरं दार आहे, आणि ते बायकोच्या ताब्यात आहे."

अशी मी पेंटरच्या घरी आले.

पेंटर सिनेमा थिएटरचे मोठाले फलक रंगवायचा. भिंतीएवढं चित्र थिएटरमागच्या शेडमध्ये व्हायचं, पण त्याची सुरुवात घरी माझ्यावर व्हायची. आधी तो काड्यापेटीएवढ्या चौकटी आखायचा आणि प्रत्येकीत तेच चित्र वेगळ्या तऱ्हेने मांडून बघायचा. नायिका डावीकडे, नायिका उजवीकडे, नायिका मुळीच नाही, नुसता जिना. वीस चौकटींतली एक तो निवडायचा. मग माझ्यावर मोठा कागद लागायचा.

नावाची अक्षरंही माझ्यावरच कापली जायची. जाड पुठ्ठा अंथरून तो धारदार पात्याने अक्षर कोरायचा. पातं पुठ्ठ्यातून आरपार यायचं आणि मला लागायचं. पहिल्या दिवशी मी अशी घाबरले की माझ्या एका कडेला चीर गेली. पेंटरने ती पाहिली. त्याने मला पालथं केलं, उताणं केलं, विचार केला, आणि गुळगुळीत बाजूच्या कोपऱ्यात ब्रशने एक लाल ठिपका दिला.

"पोटावर चित्र, पाठीवर वार," तो म्हणाला. "ठिपका दिसला तर रंगवायचं. नाही दिसला तर कापायचं. यात बदल नाही."

त्याने तो नियम कधी मोडला नाही. माझी पाठ हळूहळू हजारो रेघांनी भरून गेली. पोट मात्र कोवळं राहिलं.

त्याला एक मुलगी होती. खुर्चीच्या सावलीलाही घाबरायची, म्हणून तो तिला भागूबाई म्हणायचा. दोघांचा एक आवडता सिनेमा होता, जुना, काळापांढरा. एका घरात एक लहान मुलगी आणि तिचे आजारी आजोबा राहतात. आजोबांची खोली बंद असते. दाराआडून त्यांचा खोकला ऐकू येतो, आणि तो येतोय तोवर मुलगी निर्धास्त खेळत असते. एक दिवस खोकला थांबतो. मुलगी खेळणं खाली ठेवते, बोळातून चालत दारापाशी जाते आणि कडीला हात घालते.

या सिनेमाचा फलक पेंटरनेच रंगवला होता. पुढे तो टीव्हीवर लागला की बापलेक समोर बसायची. मुलीचा हात कडीवर गेला की पेंटर आपला रुंद, टर्पेंटाइनच्या वासाचा पंजा भागूबाईच्या डोळ्यांवर ठेवायचा.

"काढू का हात?"

"नको, नको, नको!"

"आता?"

"बाबा, गेलं का ते?"

"गेलं."

दाराआड काय होतं, ते तिने कधीच पाहिलं नाही. तिच्या मनात तिथे केस सोडलेलं, दात विचकलेलं कुणीतरी होतं. मी समोरच्या भिंतीला टेकून उभी असायचे, म्हणून मला एक गोष्ट दिसायची. तिच्या डोळ्यांवर हात ठेवला की पेंटर स्वतःचेही डोळे गच्च मिटून घ्यायचा. मला बरं वाटायचं. या घरात मी एकटीच भित्री नव्हते.

पुढे थिएटरवर छापील फलक आले आणि पेंटरचं काम सुटलं. तो दुकानांच्या पाट्या लिहू लागला, मग तेही कमी झालं. मी त्याच्या कॉटखाली गेले. भागूबाई मोठी झाली, चित्रं शिकायला कॉलेजात जाऊ लागली. तिने स्वतःसाठी पांढरी, हलकी, प्लास्टिकची फळी आणली. "ती खालची घे की," पेंटर म्हणायचा. "बाबा, ती दार आहे. बसमध्ये माझ्याआधी तिला जागा द्यावी लागेल," ती म्हणायची. तो हसायचा, आणि हसता हसता खोकायचा.

कॉटखालच्या अंधारात मला वाळवीची भीती वाटायची. मग हळूहळू त्या खोकल्याची वाटू लागली. तो येतोय तोवर मी निर्धास्त असायचे. एका सकाळी पुष्कळ पावलं आली, कॉट हलली, आणि पेंटरला दवाखान्यात नेलं. नऊ दिवस वरून काहीच आवाज आला नाही. दहाव्या दिवशी त्याची बायको एकटी खोलीत आली. तिने चादर झटकली, घडी घातली, उशीवर ठेवली. त्या घडीवर हात ठेवून ती बराच वेळ बसून राहिली.

त्यानंतर तिने घर धुवायला काढलं. माणसाला काही सुचत नाही तेव्हा ते घासायला घेतं, हे मी तेव्हा शिकले. तिने मला बाहेर ओढलं, साबणाच्या पाण्याने खसाखसा घासलं. पाठीवरचा कित्येक वर्षांचा मळ गेला, लाकूड पाणी पिऊन फुगलं आणि पात्याच्या बारीक रेघा मिटल्यासारख्या झाल्या. मग तिला कोपऱ्यात लाल डाग दिसला. "हा कुठला आणि?" असं पुटपुटत तिने तो नखाने खरवडला, आणि तो गेला.

मित्रांनो, त्या क्षणी माझं पोट कुठलं आणि पाठ कुठली, हे जगात कुणालाच माहीत राहिलं नाही. फक्त मला माहीत होतं, आणि मला तोंड नाही.

त्याच दिवसांत भागूबाईच्या कॉलेजात वर्षाचं शेवटचं काम आलं. एका सिनेमावरून एक चित्र. तिच्या मॅडमनी बजावलं होतं, की पोस्टर नको आणि पडद्यावरचं दृश्य जसंच्या तसं नको. सिनेमा बघताना तुमचं काय झालं, ते दिसलं पाहिजे. भागूबाईने अर्थातच तो सिनेमा निवडला. बाबांसारख्याच काड्यापेटीएवढ्या चौकटी आखल्या, त्यांतून एक निवडून मोठं चित्र केलं आणि चौकटींसकट घेऊन गेली. परत आली ती चेहरा पाडून.

"मॅडम म्हणाल्या, हात छान आहे, पण हा तुझ्या बाबांचा आहे, त्यांचे फलक मी पाहिलेत. तुझा कुठेय?" ती आईला सांगत होती. "मग म्हणाल्या, या चौकटींत मुलीने दार उघडल्यावरचं एकही चित्र कसं नाही? मी म्हटलं, तो भाग मी पाहिलेला नाही. सगळा वर्ग हसला, आई."

"मग बघ की तो भाग."

"नाही बघवत."

"अगं, वीस वर्षांची झालीस!"

"पण हात ठेवायला कोणी नाहीये ना!"

आई जवळ येऊन बसली. भागूबाई हळूच म्हणाली, "शुक्रवारपर्यंत झालं नाही, तर मी कॉलेज सोडणार आहे. बाबा गेल्यापासून पेन्सिल धरली की हात गार पडतो. मला नाही जमणार हे." ती हे रडत म्हणाली असती, तर मी एवढी घाबरले नसते. ती अगदी शांतपणे म्हणाली.

गुरुवारी दुपारी आई कामावर गेलेली असताना तिने पडदा ओढून घेतला आणि लॅपटॉप माझ्यासमोरच्या स्टुलावर ठेवला. सिनेमातला खोकला थांबला. मुलगी बोळातून चालू लागली. भागूबाईने सिनेमा थांबवला, पाणी प्यायली, पुन्हा सुरू केला, पुन्हा थांबवला. असं सात वेळा झालं. आठव्या वेळी मुलीचा हात कडीवर गेला आणि भागूबाईने स्वतःचा पंजा डोळ्यांवर धरला. पण तिचा हात लहान आहे. दोन्ही डोळे झाकेनात, आणि बोटांच्या फटींतून दार उघडताना दिसलंच.

आत कोणीच नव्हतं. एक कॉट होती, आणि उशीवर घडी घातलेली चादर.

भागूबाई किंचाळली नाही. हात डोळ्यांवर तसाच ठेवून ती बसून राहिली. मग एकदम उठली, आणि चौकटी न आखता, काही न ठरवता मोठा कागद शोधू लागली. तिची प्लास्टिकची फळी त्याला पुरेना. तिने मला उचललं, टेबलावर टाकलं आणि तो पातळ कागद माझ्यावर चिकटवला.

माझ्या पाठीवर.

उलटं! पालथी कर मला! मी ओरडत होते, म्हणजे फळी जेवढी ओरडू शकते तेवढी. जरा करकरले असेन. पडदा ओढलेलाच होता. तिने अंधूक उजेडात रेघ मारायला सुरुवात केली, आणि काय होतंय ते मला कळलं. ती पंजा काढत होती. कागदभर पसरलेला, आतून दिसणारा पंजा. बोटांच्या मध्ये उजेडाच्या अरुंद फटी, आणि त्यातल्या एका फटीत कॉटचा पाय आणि चादरीची घडी. ते सगळं नाजूक टोकाने झालं, तोवर काही बिघडलं नाही. मग तिने जाड, मऊ शिसं घेतलं. तळहात काळा करायचा होता. तिने शिसं आडवं धरलं आणि जोर देऊन घासायला सुरुवात केली.

एकेक करून माझ्या पाठीवरचे सगळे वार त्या काळ्यात पांढरे उमटू लागले.

तिला ते दिसलं तेव्हा अर्धा तळहात भरला होता. "गेलं," ती म्हणाली. खोडरबर घेतला, तर ते अजूनच बरबटलं. "गेलं सगळं. ही मेली फळी!" तिने मला कागदासकट उचललं. मला वाटलं, आता भिंत. आता माझी चीर दुसऱ्या टोकापर्यंत जाणार.

तेवढ्यात आई आली.  तिने माझं दुसरं टोक धरलं, मला खिडकीशी नेलं आणि पडदा सरकवला. उजेडात ती चित्राकडे बघत राहिली.

"काय झालं याला? किती हुबेहूब आहे. त्याच्या हाताला अशाच रेघा होत्या. नुसत्या रेघाच रेघा."

"आई, या हाताच्या नाहीत. खालून आल्यात. पोटावर चित्र, पाठीवर... अगं, इथे लाल ठिपका होता, तो कुठे गेला?"

आईने जीभ चावली. "मला वाटलं, डाग आहे."

 भागूबाईने कागदाची एक कड उचलली आणि माझ्या पाठीवरून बोट फिरवलं. अक्षरांची वळणं, काने, वेलांट्या. बाबांनी कापलेलं प्रत्येक नाव तिथे होतं.

"आई, त्या खोलीत तर काहीच नाहीये. नुसती रिकामी कॉट. मग मला का बघू दिलं नाही बाबांनी?"

"त्याला कुठे माहीत होतं खोलीत काय आहे! तुझे डोळे झाकले की तो स्वतःचे मिटायचा. फलक रंगवला, पण तो सीन त्याने जन्मात पाहिला नाही. दोन भागूबाया शेजारी डोळे मिटून बसलेल्या, आणि बघतेय कोण, तर मी एकटी."

मला वाटत होतं, ते गुपित फक्त मलाच ठाऊक आहे.

भागूबाई हसली. बऱ्याच दिवसांनी त्या घरात कोणी हसलं, आणि आपल्याच आवाजाने ती जरा दचकली. मग तिने शिसं उचललं. आता ती घाईत नव्हती. बोटाने माझी पाठ चाचपायची, हवी ती रेघ सापडली की कागद तिच्यावर सरकवायची आणि तेवढ्याच जागी घासायची. अंगठ्याच्या मुळाशी एका मोठ्या अक्षराची वेलांटी आली, तळहाताच्या मधोमध एका नावाची लांब शिरोरेषा. संध्याकाळपर्यंत माझी पाठ दुखत होती, आणि पंजा पूर्ण झाला होता.

शुक्रवारी मी चित्राला टेकू म्हणून कॉलेजात गेले. मॅडम चष्मा वर सारून जवळ आल्या. "हे कुणाच्या डोळ्यांतून आहे?"

"माझ्या."

"आणि हात?"

"बाबांचा."

 मागे कुणीतरी स्वतःचा पंजा डोळ्यांपुढे धरून फटींतून चित्राकडे बघत होतं. या वेळी कोणी हसलं नाही. निघताना मॅडम एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी ही फळी आणत जा." पुढच्या वर्षी, हे मी नीट ऐकलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूला जपा, असं मी नुसतं म्हणणार नाही. धुवा, पुसा, पण नख लावण्याआधी तो डाग कुणी आणि कशासाठी ठेवला, ते घरात एकदा विचारा. विचारण्यासारखं माणूस आहे, तोवरच विचारा. आणि वस्तू पालथी करूनही बघा. कुणी कुठे किती काम केलं, ते बहुधा पाठीवर असतं.

माझ्या कोपऱ्यात आता नवा लाल ठिपका आहे. मी अजून भित्रीच आहे. दारावर थाप पडली की दचकते, आणि ही मुलगीही दचकते. पण काम सुरू करण्याआधी ती एकदा माझ्या पाठीवर पंजा पसरून ठेवते. हात लहानच आहे, मी पुरती झाकली जात नाही. तरी तो असतो तेवढा वेळ बाहेर कोणीही ठोठावलं, तरी आम्ही दोघी हलत नाही.