बोहनीनंतर आलेली अक्षरं

दिग्रसला कापसाचे दिवस सुरू झाले की जिनिंगच्या कारखान्यातून उडालेला कापूस आमच्या दुकानातही येतो. दुपारच्या उन्हात तो नुसता तरंगत राहतो, खाली उतरायचं नाव घेत नाही. बापू बाकावर बसून त्याच्याकडे पाहत होते. निदान मला तसं वाटलं. काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं खात आणली होती, त्यामुळे ते नक्की काय पाहतात हे आम्हा घरच्यांनाही सांगता येत नसे.

माझे बापू म्हणजे भीमसिंग पेंटर. आर्णीपासून दिग्रसपर्यंत दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. फ्लेक्स आले आणि त्यांचा ब्रश सुटला. आणि मी, त्यांची मुलगी जया, फ्लेक्सच्याच दुकानात कामाला लागले. नशिबालाही थट्टा करता येते.

जुन्या पाट्यांचे फोटो काढून, त्यातली अक्षरं उचलून मी बापूंचा फॉन्ट तयार केला होता. तो आज सकाळी पुरा झाला. उद्या यवतमाळला डोळ्याचं ऑपरेशन. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीचीही खात्री नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. दुपारच्या बसनं आम्ही दोघं निघणार होतो. त्याआधी त्यांनी आपली अक्षरं मोठ्या पडद्यावर पाहावीत, एवढंच मला हवं होतं.

आमचे मालक बबनराव, त्यांचा एक नेम आहे. सकाळी कॉम्प्युटरला अगरबत्ती ओवाळायची, आणि एकदा पहिल्या गिऱ्हाइकाची बोहनी झाली की बॅनरचं सॉफ्टवेअर संध्याकाळपर्यंत बंद करायचं नाही. लक्ष्मी आत आल्यावर दार लोटतं का कोणी? ‘बंद’ हा शब्दसुद्धा ते उच्चारत नाहीत, दुकानही ‘वाढवतात’. ते सॉफ्टवेअर मीच लिहिलेलं, पण उघडताना ते फॉन्टची यादी एकदाच वाचायचं आणि मग ढिम्म. दिवसा बसवलेला फॉन्ट दुसऱ्या दिवशीच दिसायचा, आणि आम्ही गिऱ्हाइकाला ‘उद्या या’ म्हणायचो.

शेवटी मी त्याला कान दिले. नवा फॉन्ट बसला की कॉम्प्युटर उघड्या असलेल्या सगळ्या सॉफ्टवेअरना तशी वर्दी देतो. ती ऐकायची आणि यादी पुन्हा वाचायची, एवढंच शिकवलं. ते नवं सॉफ्टवेअर आज सकाळी बोहनीच्या आधी लावलं; फॉन्ट मात्र बोहनीनंतर पुरा झाला.

आता फॉन्ट बसवला, यादी उघडायला गेले, तर पडदा गोठलेला. वाढदिवसाच्या एका भल्यामोठ्या बॅनरची फाइल मीच घाईघाईत आधी लावून बसले होते. बॅनरच्या कामात असलं की सॉफ्टवेअर कोणाचंच ऐकत नाही. ब्रश हातात असताना बापूही असेच.

दुसऱ्या कशात तरी अक्षरं उघडून दाखवता आली असती. पण मला ती पाटीसारखी, लाल रंगात, पांढरी सावली देऊन, माझ्याच सॉफ्टवेअरमध्ये दाखवायची होती. हट्टी आहेच मी.

“काय झालं वं, जया?” बबनरावांनी विचारलं.

“बॅनर चालू हाय, काका. ऐकूनच नाही राह्यलं.”

त्यांनी बापूंकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

“बसचा टाइम झाला न. बंद कर. अन् पुन्हा लाव.”

माझा हात जागीच थांबला. “बॅनर जाईन, काका.”

“जाऊ दे. बॅनर पुन्हा होते.”

ज्या माणसानं माझ्या बापूंसाठी आपला नेम सोडला, त्याचा नेम मोडायला माझा हात धजेना. मी नुसतीच नकाराची मान हलवली आणि डोळे मिटले. वाटलं, गावातल्या पाट्यांवरून अक्षरं खाली उतरली आहेत. किराण्याचा क, सायकलवाल्याचा स, धूळ झटकत भर दुपारी रस्त्यानं येताहेत, कोणालाच त्याचं नवल नाही. किती वेळ गेला कळलं नाही.

डोळे उघडले तेव्हा बॅनर झाला होता. यादी जराशी हलली आणि तिच्यात एक नाव होतं, भीमसिंग.

मी सगळी अक्षरं ओळीनं लिहिली. बापू पडद्याला नाक लावून, एकेक अक्षर उरलेल्या नजरेत आणत पाहू लागले. “हा आर्णीच्या मेडिकलचा म. हा बँडवाल्याचा ब.” त्यांचं बोट सरकत सरकत एका जागी थांबलं.

“हे माह्या हातचं नाही.”

ते ऋ होतं.

“कोणत्याच पाटीवर नव्हतं, बापू. मीच काढलं.”

त्यांचं बोट तिथंच राहिलं. बाहेर बस येऊन उभी राहिली. मी पिशवी उचलली, त्यांच्या खांद्याला हात लावला. “चला बापू.”

“थांब न,” ते म्हणाले. “माहे अक्षरं तं मले पाठ हायेत. हे पाहू दे.”