आरशातली टिकली

निकिताने आईचा हात झटकला. वरणभाताची ताटली जमिनीवर उपडी झाली.

"आई कुठंय?"

"मीच आई, बाळा," संध्या म्हणाली.

सात वर्षांच्या निकिताने कान दाबून धरले. आवाज आईचा होता, पण कपाळ आईचं नव्हतं. सकाळी गोदाघाटावर निकिताच्या बाबांचा, ज्ञानेशचा, दहावा झाला, तेव्हा चुलतसासू भिमाबाईंनी संध्याच्या बांगड्या फोडल्या आणि कपाळावरची मोठी लाल टिकली काढून टाकली.

निकिताला माणूस अख्खा दिसत नाही, आधी एखादी खूण दिसते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. तेव्हा ते कुणी मनावर घेतलं नव्हतं. संध्यानेही नाही, आणि त्याचा आता तिला संताप येत होता.

दोन खोल्यांत देवळ्याहून आलेली सासरची माणसं दाटीवाटीने बसली होती. सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही, असंही संध्याला बजावून झालं होतं.

"टिकली लावू का?" संध्याने विचारलं. "पोरगी सकाळपासून उपाशी आहे हो."

"आजच दहावा झाला नं, बाई?" भिमाबाई म्हणाल्या. "भूक लागली का वळखंल बरोबर."

सासूबाई, कुसाबाई, भिंतीला टेकून होत्या. मुलगा त्यांचा गेला होता.

निकिता कपाटाच्या आरशापाशी गेली. संध्या रोज झोपताना टिकली काढून काचेवर चिकटवायची. एक अजून तिथेच होती. निकिता त्या टिकलीकडे बघत रडू लागली. संध्या तिच्यामागे गेली. वाकली, जराशी डावीकडे सरकली, पुन्हा वाकली.

आरशातलं कपाळ टिकलीखाली आलं तशी निकिता रडायची थांबली.

"आई," ती आरशाला म्हणाली. "भात."

संध्या तशीच वाकून राहिली, जागची हलेना. हलली की आई जाणार होती.

"ताटली द्या कुणीतरी," ती कशीबशी म्हणाली.

कुसाबाई भिंतीचा आधार घेत उठल्या. त्या ताटली आणतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी नखाने काचेवरची टिकली सोडवली. निकिता किंचाळली. कुसाबाईंनी ती संध्याच्या कपाळावर लावली आणि अंगठ्याने दाबून धरली.

"अगं कुसा, काय करते!" भिमाबाई ओरडल्या.

"माझा ज्ञाना गेला," कुसाबाई म्हणाल्या. "पोरीची आई नाय गेली."

निकिताने आरशाकडे पाठ केली आणि घासासाठी तोंड उघडलं.