बरं होण्याची लाज

दवाखान्यात जायला जवळचा रस्ता होता, पण गोपाळ गवस डिचोलीच्या बाजारातून वळसा घालून जायचा. जवळच्या रस्त्यावर टेम्पोवाले उभे असत. त्यातले निम्मे त्याच्याबरोबर खाणीवर टिपर चालवलेले. "खय रे गोपाळा?" असं कुणी विचारलंच तर काय सांगणार? हाडाच्या डॉक्टरकडे चाललोय, हे सांगताना कधी जीभ अडली नव्हती. पण आता तो ज्या खोलीत जाऊन बसायचा, तिच्या दारावर 'मानसोपचार' अशी पाटी होती. म्हणजे लोकांच्या भाषेत वेड्यांचा डॉक्टर.

गोपाळ मूळचा दोडामार्गकडचा. खाणी चालू होत्या तेव्हा मुळगावात आला, खाणी बंद पडल्या तरी तिथंच राहिला आणि एका हार्डवेअरवाल्याचा टेम्पो चालवू लागला. एके दिवशी सिमेंटची पोती उतरवताना त्याच्या कंबरेत कळ आली आणि तो भर रस्त्यात खाली बसला. त्यानंतर गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, पट्टा झाला. एक्स-रेचा फोटो बघून एका डॉक्टरनं सांगितलं, "मणका काचेसारखा समजा. जपा." ते वाक्य गोपाळच्या डोक्यात रुतलं ते रुतलंच. पुढं काही महिन्यांनी दुसऱ्या फोटोत सगळं भरून आलेलं दिसलं, पण दुखणं काही गेलं नाही. चार वर्षं झाली. वाकायचं नाही, उचलायचं नाही, जास्त वेळ बसायचं नाही. टेम्पो सुटला. त्याची बायको शीतल औद्योगिक वसाहतीतल्या एका कॅन्टीनमध्ये स्वयंपाकाला जाऊ लागली. मुलगी तेजस्विनी सावंतवाडीला शिकायला गेली आणि घरात गोपाळ एकटा खाटेवर उरला.

शेवटी हाडाच्या डॉक्टरनंच त्याला सिद्धीकडे पाठवलं. सिद्धी मानसोपचारतज्ज्ञ, पेडण्याची, तिशीच्या आतबाहेरची. पहिल्या दिवशी गोपाळ खुर्चीच्या कडेवर टेकला आणि आधीच सांगून मोकळा झाला, "मॅडम, माझा डोका ठीक आसा. माका कंबर दुखता."

"दुखतं हे मला माहीत आहे गोपाळदादा," ती म्हणाली. "दुखणं खरं आहे का, हे मी विचारणारच नाही. ते खरंच आहे. मला सांगा, वाकलात तर काय होईल असं वाटतं?"

"मणको तुटतलो."

"आणि मग?"

गोपाळ खुर्चीत जरा मागे सरकला. हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता.

सिद्धीनं मग त्याला समजावून सांगितलं. घरात चोर शिरला, कुत्रा भुंकला, चोर पळाला. पण कुत्रा इतका घाबरलाय की पान हललं तरी भुंकतो. कुत्रा सोंग करत नाही, त्याला खरंच वाटतं की चोर आलाय. त्याला मारून गप्प करता येत नाही. हळूहळू दाखवावं लागतं की बघ बाबा, हे पान आहे. "आपण तुमच्या कंबरेला तसं दाखवायचं," ती म्हणाली. "आज अर्धी बालदी. ती जमली की पुढची."

घरी येऊन गोपाळनं शीतलला सांगितलं, "डॉक्टरान शेक घेवक सांगल्यान. दर बुधवारी." मनाच्या डॉक्टरकडे जातो, हे तिला सांगायला त्याला तोंड नव्हतं. चार वर्षं जिनं आपल्या कंबरेला तेल चोळलं, तिला काय सांगायचं, की दुखणं मनात आहे? सिद्धीनं तसं म्हटलंच नव्हतं, पण गोपाळला ऐकू आलं होतं ते तसंच.

शीतल कामावर गेली की तो विहिरीवर जायचा. पहिल्या दिवशी त्यानं अर्धी बालदी उचलली. कंबर दुखली. सिद्धीनं सांगितल्याप्रमाणे त्यानं लांब श्वास घेतला आणि दुखत असतानाच बालदी दारापर्यंत आणली. मणका तुटला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. काही आठवड्यांनी तो भरलेली बालदी नेऊ लागला, मग वाकून परसातलं गवत काढू लागला. दुखायचं, पण दुखणं आता त्याला खाटेवर ढकलत नव्हतं. एके दुपारी भरलेली कळशी कठड्यावर ठेवताना त्याच्या लक्षात आलं की कंबरेची आठवणच झाली नव्हती. त्याला हसू फुटलं. किती तरी दिवसांनी तो मोठ्यानं हसला.

आणि तिथंच, हसता हसता, तो थांबला. आज जमतं, तर मग काल का नाही जमलं? गेल्या वर्षी का नाही? चार वर्षं शीतलनं पाणी ओढलं, तांदळाची पोती आणली, छपरावरचे पत्रे धरले. तिनं हाच प्रश्न विचारला तर? त्यानं कळशी पुन्हा विहिरीत रिकामी केली. शीतल यायच्या वेळेला तो खाटेवर आडवा झाला.

"कसा वाटता आज?" तिनं आल्या आल्या विचारलं.

"तसाच," गोपाळ म्हणाला.

असं रोजच होऊ लागलं. दिवसा बरा, संध्याकाळी आजारी. बरं होण्याची एवढी लाज वाटेल असं कुणी सांगितलं असतं तर त्याचा विश्वास बसला नसता. सिद्धीला तो सगळं सांगायचा, हे मात्र लपवायचा. "घरी काय म्हणतात?" तिनं विचारलं की, "खूश आसत," म्हणायचा.

त्यातच एक रविवार आला. गॅसची गाडी त्यांच्या घरापर्यंत चढत नसे. सिलिंडर खाली रस्त्यावर उतरवून जायची आणि तो शीतल चिऱ्याच्या पायऱ्यांवरून वर आणायची. त्या दिवशीही ती खाली गेली. गोपाळ दारात येऊन उभा राहिला. सिलिंडर मांडीला लावून ती एकेक पायरी चढत होती. मध्ये थांबून तिनं पदरानं मान पुसली. गोपाळचे हात शिवशिवत होते. चार पायऱ्या उतरून गेला असता तर संपलं असतं. पण गेला तर ती विचारणार. तो दाराची चौकट धरून उभाच राहिला.

शेजारची चंद्रावती तिच्या व्हरांड्यातून हे बघत होती. "काय गो शीतल, घरात बाप्यामाणूस आसान तुयाच हे करूचा?"

शीतल धापा टाकत होती, तरी थांबली आणि म्हणाली, "त्यांका दुखता गो. दुखणाऱ्याक कळता ता. तू तेंका काय सांगू नको."

गोपाळ आत वळला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. ती समजली, कंबर जास्त दुखतेय. तिनं तेल गरम करून आणलं आणि तो पालथा पडून ते चोळून घेत राहिला, उशीत तोंड खुपसून.

कॅन्टीनमधली पाण्याची लाइन फुटली म्हणून एके दिवशी शीतल दुपारीच घरी आली. गोपाळ विहिरीवर होता. दोन्ही हातांत दोन भरलेल्या बालद्या घेऊन तो वळला आणि समोर तुळशीपाशी ती उभी होती. खांद्याला पिशवी, हातात छत्री. किती वेळ उभी होती कोण जाणे.

गोपाळनं त्या क्षणी जे केलं, ते आठवलं की पुढं कितीतरी दिवस त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं. त्यानं बालद्या खाली टेकवल्या, हात कंबरेवर ठेवला आणि तोंड वेडंवाकडं करून म्हणाला, "आई गे!" ठरवून नाही. हात आपोआप गेला, तोंड आपोआप वाकडं झालं. कंबर दुखत नव्हती.

शीतल जवळ आली. बालद्यांकडे बघितलं, त्याच्या हाताकडे बघितलं.

"आता दुखला," ती म्हणाली, "की माका बघून दुखला?"

गोपाळचा हात कंबरेवरून खाली आला. तिनं दोन्ही बालद्या स्वतः उचलल्या आणि घरात नेल्या.

स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्यानं तिला सगळं सांगितलं. शेक नव्हता हे सांगितलं, पाटी सांगितली, सिद्धी सांगितली, अर्धी बालदी सांगितली. ती शेगडी पुसत होती. शेगडी पुसून लख्ख झाली तरी पुसत होती.

"रविवारी मी सिलिंडर आणलंय," ती शेवटी म्हणाली. "तेव्हा तुमका उचलूक जमणारा होता?"

गोपाळनं होकारार्थी मान हलवली.

"आणि तुमी दारात उभे रवान बघीत होतास."

तिनं फडकं धुऊन वाळत घातलं आणि ती बाहेरच्या पायरीवर जाऊन बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही, रडलीही नाही. नंतरचे काही दिवस ती कामापुरतंच बोलली आणि तेलाची वाटी फळीवरच राहिली.

गोपाळनं घरातलं सगळं काम अंगावर घेतलं. पाणी, लाकडं, भांडी, परसातली साफसफाई. सिद्धीनं हळूहळू म्हटलं होतं, पण हळूहळू करायला त्याला आता वेळ नव्हता. चार वर्षांची फेड चार दिवसांत करायची होती. शेजारच्या परसात पडलेल्या माडाचे ओंडकेसुद्धा त्यानं कुणी न सांगता ओढून आणले आणि त्याच संध्याकाळी कंबरेनं दगा दिला. जुनी कळ, तशीच, पायापर्यंत उतरणारी.

तो बोलला नाही. आता बोलणार तरी कुठल्या तोंडानं? आता आई गे म्हटलं तर ती काय समजेल? त्यानं भिंतीला धरून जेवणाचं ताट घेतलं आणि पाटावर बसताना दात आवळले.

शीतलनं भात वाढता वाढता त्याच्या कपाळावरचा घाम बघितला.

"दुखता?"

"नाय."

तिनं भाताचं भांडं खाली ठेवलं. "पयला दुखत नव्हता तेव्हा दुखता म्हणालात. आता दुखता तर नाय म्हणतास. मी कित्यावर विश्वास ठेवू? माका काय तुमच्या कंबरेच्या आत दिसता?"

गोपाळला रडू आलं. भातावरच पाणी पडलं. "दुखता गो," तो म्हणाला. "लय दुखता. पण तुका कसा सांगू?"

तिनं त्याला उठवून खाटेवर झोपवलं. तेल मात्र आणलं नाही. "बुधवारी मी येतंय तुमच्या मॅडमकडे," एवढंच म्हणाली.

बुधवारी दोघं जवळच्या रस्त्यानं गेली. एका टेम्पोवाल्यानं हाक मारलीच. गोपाळनं मान खाली घातली आणि शीतलनं सांगून टाकलं, "दवाखान्यात जातोंव."

सिद्धीनं सगळं ऐकलं. उसळलेलं दुखणं आठवड्यात बसेल म्हणाली. मग शीतलकडे वळली. "वहिनी, तुम्हाला कशाचा राग जास्त आला? चार वर्षांचा?"

"चार वर्षांचो नाय," शीतल म्हणाली. "ता दुखणा मी बघितलंय. झोपेत कळवळायचे ते. झोपेत कोण सोंग करता?" ती थांबली. पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली. "माझो भाऊस म्हणालो होतो, गोपाळ काम नको म्हणून झोपलोहा. मी तेच्याशी भांडलंय. तीन गणपती झाले, मी माहेराक गेलंय नाय. आणि आता हे विहिरीवर दोन दोन बालद्ये घेऊन उभे. म्हणजे भाऊसच खरो, मी येडी."

गोपाळला हे माहीतच नव्हतं. भावाकडे, विठ्ठलकडे, ती का जात नाही, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. कामातून वेळ मिळत नसेल, असं धरून चालला होता. आपल्या दुखण्यापलीकडे या घरात काही चालू असेल, हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. सिद्धी काही बोलत होती, पण त्याचं लक्ष शीतलच्या बोटांकडे होतं. बोटांवर कॅन्टीनच्या कढयांचे चटके होते, नवे, जुने. त्यानं ते आज पहिल्यांदा बघितले.

कंबर जरा बसल्यावर त्यानं शेजाऱ्याकडून स्कूटर मागून घेतली. "दोडामार्गाक जावया," म्हणाला.

"कित्याक?"

"विठ्ठलदादाक भेटूक."

शीतलनं साडी बदलली आणि मागे बसली. विठ्ठल अंगणात सुपारी सोलत बसला होता. बहिणीला बघून उठला, मग गोपाळला बघून तोंड घट्ट झालं. "बसा भावजी," म्हणाला आणि घरातून पाठीची खुर्ची आणायला निघाला.

"खुर्ची नको," गोपाळ म्हणाला. येताना त्यानं वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरली. "दादा, माझा दुखणा खरा होता. शीतल तुमच्याशी खोटा बोलाक नाय. पण मागचे दोन-तीन महिने माका काम जमत होता आणि मी लपवलंय. लाज वाटत होती म्हणून. तिका सिलिंडर उचलूक लावलंय. तुमी माका काय म्हणायचा ता म्हणा. तिका काय म्हणू नकात."

विठ्ठल सुपारीचा अडकित्ता हातात धरून उभा राहिला. वहिनी, म्हणजे विठ्ठलची बायको, दारात आली होती, तीही तिथंच थबकली. गोपाळचे कान तापले. परक्याच्या अंगणात उघडं पडल्यासारखं वाटलं. पळून जावंसं वाटलं. तो उभा राहिला.

"लपवलात ता वाईट केलात," विठ्ठल शेवटी म्हणाला. मग बहिणीकडे न बघताच म्हणाला, "मी पण तेव्हा नको ता बोललंय." आणि आत वळून ओरडला, "चाय ठेव गो."

चहा झाला, जेवणही झालं. वहिनीनं शीतलला आत नेलं आणि मधूनच दोघींचं बोलणं ऐकू येत राहिलं. विठ्ठल गोपाळशी फार बोलला नाही. पावसाचं बोलला, सुपारीचं बोलला. निघताना माफी झाली असं काही गोपाळला वाटलं नाही. विठ्ठलच्या डोळ्यांत अजून तोच जुना तराजू होता, माणूस खरा की खोटा हे जोखणारा. तो जायला वेळ लागेल, हे गोपाळला कळत होतं.

परतताना लाटंबार्स्याच्या चढावर कंबर धरायला लागली. गोपाळनं थोडं अंतर तशीच गाडी रेटली. मग आरशात बघून म्हणाला, "शीतल, दुखूक लागला."

"किती?"

त्यानं खरंच विचार केला. "मघापेक्षा जास्त. तेव्हासारखा नाय."

"मग थांबवा."

त्यानं स्कूटर काजूच्या झाडाखाली लावली आणि तो उतरून हळूहळू फेऱ्या मारू लागला. शीतल गाडीला टेकून उभी राहिली. पदरात वहिनीनं दिलेले भाजलेले काजू होते. तिनं त्यातले चार त्याच्या हातावर ठेवले. त्याच्याकडे तिनं अजून नीट बघितलं नव्हतं, पण तो फेऱ्या मारून होईपर्यंत ती थांबली होती, आणि घाई करा असं म्हणाली नव्हती.