'घर अजून'नंतरचा श्वास

चादरीचं एक टोक हनुवटीखाली धरून मावशी दुसरं जुळवत होत्या, तेवढ्यात लेकीने खिडकीत एक नवा स्पीकर आणून ठेवला.

"आजपासून दुपारी हा गाईल. तुझ्या घशाला जरा विश्रांती."

मावशींची घडी वाकडी पडली.

पाळणाघर त्यांनी सुरू केलेलं. आता सगळा कारभार लेकीकडे होता. पोरांना झोपवण्याचं काम तेवढं मावशींकडे उरलं होतं, आणि त्यासाठी त्यांचं गाणं एकच. 'थांब जरासा वाऱ्या, घर अजून जागं आहे.' हे गाणं सगळ्यांत आधी त्यांनीच गायलं होतं. म्हणजे, डमी. मोठ्या गायिकेला चाल कळावी म्हणून आधी मावशींच्या आवाजात ते भरून ठेवलं. मग गायिका आली, त्याच वाद्यांवर गाऊन गेली आणि मावशींचा आवाज पुसला गेला. स्टुडिओची रीतच तशी. पुढे गाणं सगळ्यांच्या तोंडी झालं. कुणी ते नाचायला घेतलं, एका बँडने ढोल-गिटारी बडवून वाऱ्याला चांगलाच दम भरला, कुणा संगीतकाराने पन्नास पोरांकडून एका सुरात म्हणवून घेतलं. सगळ्यांनी गिरवली ती गायिकेचीच रेकॉर्ड. 'आधी मी गायले होते,' असं मावशी सांगू लागल्या की जावई गंभीर चेहरा करून म्हणायचा, हो, आणि चंद्रावर आधी आमची आजी उतरली होती. हल्ली त्यांनी सांगणंच सोडलं होतं.

डमीत आणि रेकॉर्डमध्ये फरक होता तो एका श्वासाचा. 'घर अजून' म्हणताना पोटातल्या बाळाने अशी लाथ मारली की मावशींचा दम तुटला. श्वास घेतला, मग 'जागं आहे'. गायिकेने ती ओळ अर्थातच एका दमात घेतली. मावशींना मात्र ती पुढे कधी सलग म्हणताच आली नाही.

पोरं आडवी झाली. लेकीने फोनवर गाणं शोधलं आणि सगळ्यांत नवं दिसलं ते लावलं. कुणीतरी तरुण मुलगी, आणि सोबतीला एक गिटार. मावशी दाराकडे वळल्या. आता इथे आपलं काय काम.

'थांब जरासा वाऱ्या, घर अजून'

आणि ती मुलगी थांबली. तिने श्वास घेतलेला स्पष्ट ऐकू आला. 'जागं आहे.'

मावशींचा हात कडीवरच राहिला.

गाणं संपल्यावर तिथेच तिची छोटी मुलाखत सुरू झाली. विचारणाऱ्याने कौतुकाने विचारलं, ही ओळ सगळे सलग गातात, मध्ये थांबायचं तुम्हाला कसं सुचलं? मुलगी हसली.

"सुचलं कसलं? लहानपणी मी पाळणाघरात असायचे. तिथल्या मावशी असंच म्हणायच्या. रेकॉर्ड मी खूप नंतर ऐकली. तेव्हा वाटलं, ही बाई चुकतेय."

लेकीने फोन बंद केला. मावशी भिंतीला टेकून खाली बसल्या, चष्मा काढून उगाच पुसत राहिल्या. पुसलेला आवाज देवाने कुठल्या गळ्यात जपून ठेवला होता.

"आई, म्हणजे खरंच तू आधी..."

"मी कुठे," मावशी म्हणाल्या. "लाथ तुझी होती."

लेकीला हसू आलं, आणि ते लपवायला की आणखी काही लपवायला, ती पाठ फिरवून स्पीकरची वायर गुंडाळू लागली.

"हा काही कामाचा नाही," ती म्हणाली. "पोरं जागीच आहेत बघ."

मावशींनी घसा खाकरला. आवाज थकलेला होता, वर जाताना चिरत होता. 'घर अजून'पाशी त्या थांबल्या. तेव्हा अंथरुणांवरून, अर्धवट झोपेतले दोन-तीन इवले श्वास त्यांच्याबरोबर आत गेले. पाठमोऱ्या लेकीचाही.