तेरा घरांची रत्ना

रत्ना वारली तेव्हा तीन वर्षांची होती. यंदा आटी महिन्यात, म्हणजे आषाढात, तिला एकतिसावं लागलं आणि घरच्यांना तिच्या लग्नाची काळजी पडली. मेलेली मुलंही वाढतात आणि बिनलग्नाची राहिली की धाकट्यांचे संसार अडवतात, हे आमच्या पुत्तूरकडं हेडमास्तरसुद्धा मानतात. फक्त शाळेच्या वेळेत मानत नाहीत.

अडलेला संसार धाकट्या भावाचा, शीनप्पाचा होता. दोन वर्षांपूर्वी त्याच्या कानात माणसं बोलू लागली होती. सरकारी दवाखान्याच्या गोळ्यांनी ती गप्प झाली. शीनप्पा पुन्हा सुपारीच्या झाडांवर चढू लागला. पण चटईवर आला की भिंतीकडं तोंड करून पडे, तोडलेल्या ओंडक्यासारखा. त्याची बायको जलजा हे कुणाला बोलली नाही.

"तुमच्या दोघांच्या मधे कोणीतरी झोपतं," सासू एकदा नारळ खवता खवता म्हणाली.

तेव्हापासून जलजाला चटईचा मधला भाग गार लागू लागला.

स्थळ विट्लाकडचं मिळालं.

"मुलगा काय करतो?" सासूनं मध्यस्थाला रीतसर विचारलं.

"काही नाही. पण पीत नाही."

"स्वभावाला?"

"पाचव्या वर्षी गेला. त्यानंतर तक्रार नाही."

दोन पाट मांडले, एकावर साडी, एकावर मुंडू, आमच्याकडची लुंगी. दोघांना केळीची पानं वाढली. मुलाकडच्यांनी सार पातळ असल्याचं बोलून दाखवलं, म्हणजे लग्न यथासांग झालं. रत्ना सासरी गेली.

आणि त्याच आठवड्यात शीनप्पानं कूस बदलली. सासूनं शेजारी पायस वाटलं. कशाबद्दल ते सांगितलं नाही, पण सगळ्यांनी वाटी दोनदा चाटली. जलजा बारा दिवस सुखात होती.

तेराव्या दिवशी दुपारी तो अंगणात सुपारी पसरत होता आणि हसून कुणाला तरी जागा करून देत होता.

"कुणाशी बोलताय?"

"अक्काशी. विहिरीचं पाणी बघायला चल म्हणतेय."

अंगणात ऊन होतं. दुसरं कोणी नव्हतं. तरी जलजानं त्या जागेला वळसा घातला.

न घेतलेल्या गोळ्या तिला वाशाच्या पोकळीत सापडल्या, दीड महिन्याच्या. म्हणजे रत्नाच्या लग्नाच्या आधीच त्यानं बंद केल्या होत्या.

"रत्ना परत आली?" सासू चिंतेत पडली. "मग सासरी जमलं नसेल."

सासूला त्याच्यापाशी बसवून जलजा सकाळी दवाखान्यात गेली. फिलोमिना सिस्टरनं त्या दिवशी रुग्णांच्या बायकांना व्हरांड्यात बसवलं होतं. गोळीनं झोप येते, वजन वाढतं, हे सांगून झालं. मग सिस्टर म्हणाली, "आणि अंथरुणातली इच्छा जाते. कुणाच्या घरी?"

सतरा बायकांना एकदम छताचे वासे मोजायचे होते.

सिस्टरनं प्रत्येकीच्या हातात एक सुपारी दिली. "पडद्यामागं डबा आहे. असं असेल तर टाका. नसेल तर पदराला बांधून घरी न्या."

एकेक बाई पडद्यामागं जाऊन आली. डबा वाजत राहिला. मग सिस्टरनं तो सगळ्यांसमोर चटईवर ओतला.

तेरा.

जलजानं त्या दोनदा मोजल्या. रत्ना तीन वर्षांची असताना तिला शेजारच्या घरीही एकटं जाता येत नव्हतं. ती तेरा घरं कशी सांभाळील?

"हे गोळीचं काम," सिस्टर म्हणाली. "भुताचं नाही, नवऱ्याचं नाही, तुमच्या रूपाचंही नाही. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. मनानं बंद केली तर मात्र आवाज परत येतात."

"मग दोन वर्षं का सांगितलं नाहीत, बाई?" एक म्हातारी तडकली.

"आम्हीही लाजत होतो. डॉक्टर तर शिकलेले जास्त, म्हणून लाजतातही जास्त."

जलजानं विहिरीचं सांगितलं तशी सिस्टर तिला हात धरून डॉक्टरांपुढं घेऊन गेली. ठरलं ते असं: आज घरी जाऊन गोळी सुरू, क्षणभर एकटं सोडायचं नाही, उद्या दोघांनी यायचं.

ती पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. सासू ओट्यावर बसल्या बसल्या घोरत होती. शीनप्पा विहिरीच्या काठावर बसला होता, पाय आत सोडून.

जलजा हळूच त्याच्याशेजारी टेकली आणि त्याच्या मुंडूचं टोक मुठीत घट्ट धरलं. मग तिनं सुपाऱ्यांची गोष्ट सांगितली.

"तेरा?" तो म्हणाला.

"तेरा. तुम्ही एकटे नाही."

"मला वाटलं, कळलं की माहेरी जाशील. गोळी घेतली की मी लाकूड, जलजा."

"उद्या डॉक्टरांना हेच सांगायचं. तुम्ही नाही बोललात तर मी बोलेन, आणि मी बोलायला लागले की सगळंच बोलेन."

तो किंचित हसला. मग पलीकडं बघताना त्याचा आवाज खाली गेला. "अक्का थांबलीय. काय सांगू तिला?"

जलजानं तिकडं पाहिलं नाही.

"तिचं लग्न झालंय. सांगा, दिवेलागणीच्या आत सासरी पोचायला हवं."

त्यानं मान वळवून तसंच सांगितलं, मायेनं, धाकट्या भावानं सांगावं तसं. बराच वेळ ऐकत राहिला. मग एकेक पाय काठाबाहेर घेतला आणि हात पुढं केला. जलजानं त्यावर गोळी ठेवली.

वारा नव्हता, तरी रहाटाचा दोर हलत होता. जाताना तिनं तो खांबाला बांधून टाकला, दोन गाठी मारून.