अहवालात नसलेला पाऊण तास

बायको गेल्याचं मला कळलं तेव्हा मी एका ऑफिसच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीन रूममध्ये होतो. हात ग्रीसनं बरबटलेले. फोन वाजला, मी उचलला नाही. पुन्हा वाजला तेव्हा कोपरानं बटण दाबलं. पलीकडे एक मुलगी होती. तिला नीट बोलता येत नव्हतं. "काका, मॅडमना... तुम्ही हॉस्पिटलला या," एवढंच म्हणाली. मी विचारलं, "शुद्धीवर आहे का?" ती गप्प. तिथंच मला कळलं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

हॉस्पिटलमधला डॉक्टर तरुण होता, सरळ बोलला. हृदय बंद पडलं. एका इमारतीच्या जिन्यात, पायरीवर बसलेली सापडली होती. "इथं आणायच्या आधीच बराच वेळ होऊन गेला होता. अर्धा-पाऊण तास तरी." मी म्हटलं, तिच्यासोबत एक मुलगी होती ना? तो म्हणाला, ते मला सांगता येणार नाही.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट अडकली. त्या पाऊण तासात ती एकटी होती, की कुणी जवळ होतं? बाकी मला काही नको होतं. सांत्वन नको, फुलं नकोत. एवढं एक उत्तर हवं होतं.

आमची ही एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत सव्वीस वर्षं होती. समाजकार्याची पदवी करणारी कॉलेजची मुलं आठवड्यातले दोन दिवस तिच्याकडे कामाला येत. फील्डवर्क म्हणतात त्याला. कॉलेजात ती मुलं सिद्धांत शिकत, हिच्याकडे जिने चढायला शिकत. ती त्यांना घरोघर न्यायची आणि आल्यावर भेटीचा अहवाल लिहायला लावायची. माणूस काय बोलला ते लिहा, तुम्हाला काय वाटलं ते मागनं बघू, असं तिचं म्हणणं. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लाल पेन घेऊन बसायची आणि मला वाचून दाखवायची. "'लाभार्थीशी सकारात्मक संवाद साधला.' अहो, ऐकताय का? म्हणजे काय बोलला हा बाबा? हवापाण्यावर बोलला असेल, दुसरं काय!" की मारली रेघ. दुसरं ती मुलांना सांगायची ते असं: समोरचा माणूस एकदा मोकळं बोलायला लागला की मध्ये उठायचं नाही. कितीही उशीर होऊ दे.

ती गेल्यावर आठव्या दिवशी कॉलेजच्या विभागप्रमुख बाई तीन विद्यार्थ्यांना घेऊन घरी आल्या. माझी थोरली बहीण माझ्याकडे राहायला आलेली होती. तिनं चहा केला.

"आमच्या विद्यार्थिनीनं फार प्रसंगावधान दाखवलं," बाई म्हणाल्या. "मॅडमची तब्येत बिघडल्याचं लक्षात येताच तिनं तत्काळ मदत बोलावली. शेवटपर्यंत ती त्यांच्यासोबत होती."

खोटं कशाला बोलू, मला हलकं वाटलं. मग मनातल्या मनात वेळ जुळवून पाहिली. तत्काळ मदत बोलावली, तर डॉक्टरचा पाऊण तास कुठला?

"ती मुलगी कुठाय?"

"आज नाही येऊ शकली. ती सध्या स्वतःच एका प्रक्रियेतून जातेय."

"कसल्या प्रक्रियेतून?" ताई स्वयंपाकघरातून म्हणाली. "पिठाच्या गिरणीतून का?"

तिन्ही विद्यार्थी सोफ्यावर ओळीनं बसले होते. तिघांची मान एकाच बाजूला कललेली. किती कलवायची हेही शिकवत असावेत. त्यातला चष्मेवाला पुढं सरकला आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, तुम्हाला आत्ता कसं वाटतंय?"

"बायको मेल्यासारखं वाटतंय."

त्यानं सावकाश मान डोलावली. "म्हणजे तुम्हाला बायको मेल्यासारखं वाटतंय."

ताई ट्रे घेऊन दारात उभी होती. ती मला म्हणाली, "का रे, याला ऐकू कमी येतं का?"

चष्मेवाला नंतर एकटा दोनदा आला. मला वाटलं, पोरगा मनानं बरा दिसतो. तिसऱ्या वेळी चहा पिऊन झाल्यावर त्यानं पिशवीतून एक फॉर्म काढला. "काका, इथं खाली एक सही लागेल. भेट झाल्याची."

मी चष्मा लावून वाचलं. केस क्रमांक सात. पुरुष, वय एकोणसाठ, तांत्रिक कामगार. नुकताच विधुर. भावना व्यक्त करण्यास विरोध. घरातील ज्येष्ठ स्त्रीचा हस्तक्षेप. उद्दिष्ट: सहा भेटींत वास्तवाचा स्वीकार.

"सातवी केस म्हणजे मी?"

"हो काका. कॉलेजच्या मॅडमनी वाटून दिल्यात."

"आणि सहा भेटींत नाही झाला स्वीकार, तर?"

"सहाच असतात, काका. पुढं आमची परीक्षा आहे."

"मला कुणी विचारलं होतं?"

तो जरा गोंधळला. "तुम्ही आत घेतलंत, चहा दिलात. ती संमती धरतात."

"अगं बाई!" ताई म्हणाली. "मग आमच्या दूधवाल्याचीही केस करा. त्यालाही मी काल चहा दिला होता."

मी सही केली नाही. माझ्या कामात हा प्रकार मला चांगला ठाऊक आहे. लिफ्टच्या केबिनमध्ये तपासणीचं कार्ड लावलेलं असतं. काही जण वर मशीन रूमपर्यंत चढतच नाहीत, खालीच कार्डावर सही ठोकतात. कार्ड बघितलं तर लिफ्ट ठणठणीत. आत माणूस अडकला की कळतं. असे लोक मी कामावरून काढलेत. यांना पदवी देतात.

त्याच दिवशी दुपारी मी कॉलेजात गेलो. विभागप्रमुख बाई वर्गात होत्या, म्हणून बाहेर थांबलो. दार उघडंच होतं. मध्यभागी दोन खुर्च्या. एकीवर एक मुलगी 'माझे मिस्टर गेले हो!' म्हणून रडण्याचं काम करत होती. दुसरी तिचा हात धरून बसली होती. बाकीची मुलं तक्त्यावर गुण भरत होती. रडणारी मध्येच थांबून म्हणाली, "मॅडम, एवढं बास का?" सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "नजरेला नजर पाचपैकी चार, शांतता राखणं पाचपैकी दोन." शांतता राखायलाही गुण!

बाईंनी मला त्यांच्या खोलीत बसवलं. भिंतीवर एकमेकांत गुंफलेल्या हातांचं चित्र होतं.

"मला त्या दिवसाच्या भेटीचा अहवाल वाचायचाय," मी म्हटलं.

"तो गोपनीय असतो."

"कुणापासून? मेली ती माझी बायको."

"तुमचा राग मी समजू शकते. दुःखामध्ये राग ही एक पायरी असते."

"पायरीवरच गेली ती, बाई. मला पायऱ्या नका शिकवू."

त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. "हे बघा, अहवाल अजून अंतिम व्हायचाय. मुलीनं पहिला लिहिला तो फार कच्चा होता. कॉलेजवर प्रश्न आले असते, संस्थेवरही. आम्ही तिला भाषा सुधारायला मदत करतोय."

"भाषा सुधारताय, की जे घडलं ते?"

बाईंनी घड्याळाकडे बघितलं. पुढचा तास होता म्हणे. विषय होता व्यावसायिक सचोटी. हे मी रचून सांगत नाही, दारावर वेळापत्रक लावलेलं होतं.

मी फाटकाशी पोचलो तेव्हा मागून कुणीतरी धावत आलं. लुकडीशी मुलगी, खांद्याला भली मोठी पिशवी. मी तिला आधी पाहिलं नव्हतं, पण बायकोच्या वर्णनावरून ओळखलं. बायको तिला घरी 'खोडरबर' म्हणायची. एक ओळ लिहिली की तीनदा खोडते, पण चौथ्यांदा लिहिते ते खरं असतं, असं म्हणायची.

"काका, मी त्यांच्यासोबत नव्हते," ती म्हणाली. तिला धाप लागली होती.

फाटकाबाहेर बाक होता. आम्ही बसलो. ती समोर रस्त्याकडे बघत सांगत होती. मान सरळ होती.

चौथ्या मजल्यावर एक बाई राहतात. त्यांच्याकडे जायचं होतं. त्या इमारतीला लिफ्ट नाही. असती तर, हे मी मनात किती वेळा म्हणालो ते सांगत नाही. तिसऱ्या मजल्यावर बायको थांबली आणि पायरीवर बसली. म्हणाली, "मला दम लागलाय जरा. तू हो पुढं, मी आलेच. आणि त्या बोलायला लागल्या तर मध्येच उठून येऊ नकोस हं."

"म्हणून मी गेले," ती म्हणाली. "त्या बाई चार महिने माझ्याशी पाण्याच्या आणि जिन्याच्या तक्रारीपलीकडे एक शब्द बोललेल्या नव्हत्या, काका. त्या दिवशी बोलल्या. मुलाविषयी बोलल्या. त्याचं नाव पहिल्यांदा घेतलं. मग मी कशी उठू?"

"किती वेळ?"

"पाऊण तास. मॅडम आल्या नाहीत हे माझ्या ध्यानात होतं. मला वाटलं, मुद्दाम येत नाहीयेत. माझं मला करू देतायत. असं त्यांनी आधी दोनदा केलं होतं."

"आणि मग?"

"मी जिना उतरले. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला वाटलं, डोळा लागलाय. मी वरूनच ओरडले, मॅडम, त्या बोलल्या!"

पुढचं मी विचारलं नाही.

मग मी म्हटलं, "दोन मिनिटं दाराबाहेर येऊन कठड्यावरून खाली वाकून बघता आलं नाही तुला?"

माझा आवाज चढला होता. रस्त्यावरचे लोक बघायला लागले. मला वाटलं होतं ही आता रडेल, नाहीतर मॅडमनीच शिकवलं होतं असं म्हणेल. म्हणायला जागा होती.

"आलं असतं," ती म्हणाली. "मी नाही आले."

मी उठून बस पकडली. तिला बाकावर तशीच सोडून आलो.

ताईला सगळं सांगितलं. तिनं माझ्यापुढं ताट वाढलं. मग म्हणाली, "ती एकटी होती, हे तुला कळायला हवं होतं ना? कळलं आता. पोरीनं सांगितलं तरी. त्या चहाढोशांनी सांगितलं असतं का?"

पुढच्या दोन महिन्यांत कॉलेजात जे झालं ते मला थोडं मुलीकडून आणि थोडं संस्थेतल्या लोकांकडून कळलं. तिनं जसं घडलं तसं लिहून दिलं. बाईंनी ते तीनदा परत केलं. चौथ्यांदा स्वतःच टाईप केलेला अहवाल तिच्यापुढं ठेवला. त्यात 'तत्काळ' हा शब्द दोनदा होता. खाली फक्त सही करायची होती. तिनं केली नाही. तिचा निकाल राखून ठेवला.

चष्मेवाला पहिल्या वर्गात पास झाला. माझ्याकडे तो तीनदाच आला होता, अहवालात मात्र सहा भेटी होत्या. सहाव्या भेटीत मी म्हणे बायकोचा फोटो हातात घेऊन मोकळेपणी रडलो आणि त्याचे आभार मानले. त्या अहवालाला कॉलेजनं उत्कृष्ट अहवालाचं बक्षीस दिलं. बक्षीस यंदापासून सुरू केलंय, माझ्या बायकोच्या नावानं. ते माझ्या हस्ते द्यायचं होतं. मी निमंत्रणाला उत्तर दिलं नाही. ताई म्हणाली, "मला पाठव रे. चांगलं देऊन येते." तिला आवरताना नाकीनऊ आले.

सव्वीस वर्षं या बाईनं ज्या वाक्यांवर लाल रेघा मारल्या, ती सगळी वाक्यं गोळा करून त्यांनी तिच्या नावाचा करंडक केला.

मुलीनं विद्यापीठाकडे अर्ज केला. गेल्या सोमवारी ती घरी आली. तिच्याकडे तिचा अहवाल होता, अकरा पानं. सोबत विद्यापीठाच्या समितीचं पत्र. पर्यवेक्षक हयात नसल्यामुळं समितीला मृत व्यक्तीच्या कुटुंबाचा लेखी शेरा हवाय. अहवाल खरा आहे आणि कुटुंबाची विद्यार्थिनीविरुद्ध काही तक्रार नाही, असं मी लिहून दिलं तर निकाल लागेल. नाहीतर वर्ष गेलं. मुदत शनिवारपर्यंत.

"लिहाच, असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "पण आधी वाचा."

ताईनं तिला जेवायला बसवलं. मी आतल्या खोलीत जाऊन अकरा पानं वाचली. चौथ्या मजल्यावरच्या बाई काय बोलल्या ते शब्दाला शब्द आहे. माझी बायको पायरीवर बसताना काय बोलली तेही आहे. आपल्याला काय वाटलं, ते तिनं शेवटी चार ओळींत लिहिलंय. एकही शब्द खोडावासा वाटला नाही.

बाहेर येऊन मी तिला म्हटलं, "खरं आहे हे, यावर मी आत्ता सही करतो. दुसरं आत्ता नाही लिहू शकत. तक्रार आहे माझी. तुझ्यावर आहे आणि तुझ्या मॅडमवरही आहे. नाही असं लिहिलं, तर मीही त्यांच्यातलाच झालो."

"मला माहिती आहे, काका," ती म्हणाली. ताट धुऊन ठेवून ती गेली.

आज शुक्रवार आहे. पहिल्या वाक्याखाली माझी सही आहे. दुसरं वाक्य मी अजून लिहिलेलं नाही.